तुम्ही पाण्यात होतात तेव्हा

नलूचे बाबा,

तुम्ही पलटणीत होतात तेव्हा पत्राची पहिली ओळ ठरलेली असायची. इकडील सर्व ठीक, काळजी नसावी. घरात काहीही चाललेलं असो, मी तेच लिहायची. आज ती ओळ लिहायला हात धजत नाही. कालपासून घास उतरलेला नाही आणि हे मी दुसऱ्या कुणाला सांगू? म्हणून तुम्हालाच लिहायला बसले.

दिवाळी झाली. ऊसतोड सुरू झाली. परवा नलूनं तुमची मासे धरायची काठी माळ्यावरून खाली काढली आणि अंगणात बसून रिळाला तेल दिलं. तुम्ही द्यायचात तसंच, मान एकीकडं कलती करून. मी स्वयंपाकघरातून बघत होते. मला वाटलं, आठवण आली असेल पोरीला. मग ती उठून आत आली.

"आई, हसनचाचाचा निरोप आलाय. पाणी निवळलंय म्हनं. शनवारी मी जानार हाय."

"जा की. खडकावरनंच ना?"

"न्हाई. या बारीला होडीतनं. आत."

माझ्या हातातली परात खाली ठेवावी लागली. दाभोळच्या खाडीपाशी राहणारा तुमचा तो होडीवाला हसन तांडेल आता पोरीलाही होडीत घालून खोल पाण्यात नेणार. आणि तो नेणारच, कारण तुम्हीच तिला शब्द देऊन ठेवलात. पुढच्या कार्तिकात तुला आत नेतो, असं म्हणालात ना? शब्द देऊन तुम्ही चैत्रात निघून गेलात. आता तो पाळायचा कुणी?

तसं पाहिलं तर आपल्या घराचा आणि समुद्राचा संबंध काय? आष्ट्याजवळचं गाव, चार बाजूंना ऊस, पाणी म्हणजे कृष्णेचं आणि विहिरीचं. पण मद्रासकडं असताना कुठल्याशा साहेबानं तुम्हाला गळ टाकायला शिकवलं, आणि एकाहत्तरच्या लढाईनंतर पेन्शनीवर घरी आलात ते ट्रंकेत ते रीळ घेऊन. वर्षभर तुम्ही मळ्यात रमायचात. कार्तिक लागला की मात्र तुमचं चित्त थाऱ्यावर नसायचं. मी एकदा विचारलं होतं, कृष्णेत मासं न्हाईत व्हय? तुम्ही म्हणालात, "नदीचा मासा आपुन वडतो. समुद्राचा मासा आपल्याला वडतो."

हे तुम्ही हसत सांगितलंत. मी मात्र हसले नाही.

माझ्या माहेरचे चमचेसुद्धा तुम्ही सोडले नाहीत. दांडे कापले, भोक पाडून गळ अडकवला आणि झालं तुमचं आमिष. पाण्यातून ओढलं की चमचा लहान मासळीसारखा लकाकतो आणि मोठा मासा त्याला फसतो म्हणे. पाहुण्यांना शिरा कशानं द्यायचा, हे कधी सुचलं का तुम्हाला?

तुम्ही कराडहून चिपळूणच्या गाडीत बसलात की माझी भीती सुरू व्हायची. कुंभार्ली घाटात गाडी दरीत गेली असेल, खडकावर शेवाळ असेल, लाट आली असेल. मी समुद्र कधी पाहिलेलाच नव्हता. त्यामुळे मनातला समुद्र दर वर्षी आणखी मोठा व्हायचा. शेवटी एका वर्षी मी पिशवी भरली आणि नलूला माझ्या आईकडं ठेवलं.

"तू एवढी भितीस, मग तितं कशाला येतीस?" तुम्ही विचारलंत.

"हितं बसून लय भ्या वाटतंय. तितं काय हाय ते तरी बघू द्या."

पहिल्या दिवशी तुम्ही खडकावर उभे राहिलात. गुडघ्याएवढं पाणी येऊन फुटायचं आणि तुम्ही काठी मागं नेऊन चमचा लांब फेकायचात. मी वाळूत बसून होते. मुठीत वाळू धरली होती, जशी काही तीच मला वाहून जाऊ देणार नव्हती. तुम्ही एक लालभडक तांबोशी धरून आणलीत आणि माझ्यापुढं नाचवलीत. तुमचा चेहरा लग्नातल्यासारखा दिसत होता, हे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही. मला वाटलं होतं, डोळ्यांनी पाहिलं की भीती कमी होईल. ती तसूभरही कमी झाली नाही.

दुसऱ्या दिवशी उजाडताना हसननं होडी काढली. तो मला म्हणाला, "वैनी, तुमी किनाऱ्यावर ऱ्हावा." मी पदर खोचून चढले आणि मधल्या फळीला धरून बसले. जमिनीवरून येणारा वारा शिडात भरला होता आणि किनाऱ्यावरचे माड बघता बघता काड्यांएवढे झाले. तुम्ही चमचा मागं सोडलात. चालत्या होडीमागं तो ओढला की सुरमई येते, असं मला समजावून सांगत होतात. मला फक्त तुमचे ओठ हलताना दिसत होते.

यापुढचं तुम्हाला माहीत नाही. तुम्ही कधी विचारलं नाहीत आणि गावात सांगत सुटलात, पाय घसरला, जरा भिजलो. आज सगळं सांगते.

काठी एकदम वाकली. रीळ किंचाळल्यासारखं वाजलं. हसन ओरडला, "बसून घ्या सुबेदार!" तुम्ही मात्र उभे राहिलात. त्याच वेळी होडी एका बाजूला कलली आणि तुम्ही गेलात. जाताना डोकं काठावर आपटलं, तो आवाज मी ऐकला. नारळ फोडल्यासारखा. काठीला तुम्ही दोरी बांधली होती, होडीच्या फळीला. स्वतःला बांधायचं सुचलं नाही का हो?

तुम्ही वर आलात ते पालथे. हसननं सुकाणू सोडलं आणि उडी टाकली. होडीत मी एकटी राहिले.

होडी थांबली नाही. शिडात वारा होता, ती पळतच होती. मागं तुमची दोघांची डोकी दिसत होती, आधी घागरीएवढी, मग पेरूएवढी. हसन काहीतरी ओरडत होता पण वाऱ्यानं शब्द पोचत नव्हते. मी ओरडायला तोंड उघडलं तर आवाजच नाही. असं कधी झालंय का तुम्हाला? लढाईत? मला वाटलं, मी अशीच वाहत जाणार, आणि तुम्ही दोघं माझ्या डोळ्यांदेखत दिसेनासे होणार, आणि नलू माझ्या आईच्या दारात आमची वाट बघत बसणार.

मला होडीतलं काही कळत नव्हतं. एवढंच कळलं की हे कापड हिला ओढतंय. कापडाच्या कोपऱ्याची दोरी मागच्या खुंटीला गुंडाळलेली होती. मी रांगत गेले. गाठ सोडवली तशी दोरी हातातून अशी सुटली की तळव्यांची सालं गेली. शीड फडफडायला लागलं. थापडा मारल्यासारखा आवाज येत होता. पण होडीचा पळ संपला. मग वल्हं घेतलं. कसं मारतात कुणाला ठाऊक? मी मारत गेले आणि होडी जागच्या जागी फिरत राहिली. हसनच पोहत आला शेवटी, तुम्हाला छातीवर घेऊन. मी वल्हं पुढं केलं, त्यानं ते धरलं.

"वैनी, यानला धरा. मी वर चढतो."

मी तुमचे केस धरले. दुसरं काही हाताला लागलं नाही. हसन पलीकडून चढेपर्यंत तुमचं डोकं माझ्या मुठीत होतं आणि बाकी सगळे तुम्ही समुद्रात. डोळे अर्धे उघडे होते, पण ते माझ्याकडं बघत नव्हते. छाती हलत नव्हती. ओठ निळे पडले होते. मी कुठल्या देवाचं नावसुद्धा घेतलं नाही. केस सोडायचे नाहीत, एवढंच डोक्यात होतं.

हसननं ओढून तुम्हाला आत घेतलं, पालथं घातलं आणि पाठ दाबत राहिला. बराच वेळ काही झालं नाही. मग तुम्ही खोकलात. पाणी आलं, आणखी आलं, आणि तुम्ही डोळे उघडून पहिला शब्द काय बोललात, आठवतं?

"मासा?"

गळाचा दोरा, तो तंगूस, तुटला होता. मासा केव्हाच गेला होता. मी तुमच्याशी घाट चढून होईस्तोवर बोलले नाही. तुम्हाला वाटलं, मी रागावले. मी रागावले नव्हते. माझे दात वाजत होते, तोंड उघडलं असतं तर ते तुम्हाला ऐकू गेलं असतं.

कोयनेला गाडी थांबली तेव्हा तुम्ही विचारलंत, "हाताला काय झालं गं?" मी म्हटलं, दोरी लागली. कसली दोरी, हे विचारलं असतंत तर मी सगळं सांगितलं असतं. तुम्ही चहा आणायला उतरलात.

पुढच्या कार्तिकात तुम्ही नलूला घेऊन गेलात. फक्त खडकावरनं, असं मी तुमच्याकडून वदवून घेतलं होतं. त्यानंतर दर वर्षी मी एकाच्या ऐवजी दोघांसाठी घाबरत राहिले.

आणि एवढं पाण्याला भिऊन झालं काय? तुम्ही सांगलीच्या दवाखान्यात, कोरड्या खाटेवर गेलात. डॉक्टर हृदय म्हणाले. त्यांनी चादर वर घेतली, तेव्हा मी त्यांचा हात धरला. मी तुम्हाला असं एकदा पाहिलं होतं ना. तेच ओठ, तेच अर्धे डोळे. मला वाटलं, आता खोकतील. नर्सबाई मला बाजूला घेत होत्या आणि मी म्हणत होते, जरा थांबा, त्यांना वेळ लागतो. किती वेळ थांबले कोण जाणे. तुम्ही खोकला नाहीत.

तेव्हापासून मला सगळ्याचीच भीती वाटते. विहिरीची, विजेच्या बटणाची, नलूला कॉलेजातून यायला उशीर झाला की रस्त्याची. म्हणून काल मी ठरवलं की पोरीला हे सगळं सांगायचं. ऐकून ती घाबरेल, काठी माळ्यावर ठेवेल. तिला समोर बसवलं आणि एकही गोष्ट न गाळता सांगितलं. डोकं आपटल्याचा आवाजसुद्धा.

ती ऐकता ऐकता पांढरी पडली. मला बरं वाटलं, खरं सांगते. माझे दोन्ही हात हातात घेऊन तिनं तळवे उलटे करून पाहिले. तिथं आता काही दिसत नाही.

"आई, बाबांनी हे मला कदी सांगितलं न्हाई."

"त्यास्नी ठावंच नव्हतं."

तिनं काठीकडं पाहिलं. मला वाटलं, जिंकले. मग हळूच म्हणाली, "मला बी भ्या वाटतंय आता. पर तू हुतीस म्हनून बाबा परत आलं. तू चल की माझ्यासंगट."

मी एवढी वर्षं त्या दिवसाकडं असं कधी पाहिलंच नव्हतं. मला त्यात फक्त लांब जाणारी दोन डोकी दिसायची. होडीत तिसरं कुणी होतं, हे माझ्या ध्यानातच आलं नाही. तुमच्या आलं होतं का कधी?

उठून गोठ्यात गेले. म्हशीच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिले. आजही भीती तशीच आहे. अक्षर बघा ना, पलटणीत पत्रं पाठवायची तेव्हासारखं राहिलेलं नाही.

तिला अडवलं तर ती ऐकेल, मला माहीत आहे. काठी ठेवून देईल आणि पुन्हा विषय काढणार नाही. मग या घरात भिणाऱ्या दोन बायका राहतील. तुम्हाला हे बघवलं असतं?

तर ऐका. मी तुम्हाला शब्द देते. भीती जाईल असा शब्द देत नाही, तो माझ्या हातात नाही. होडीत चढताना मी रडेन बहुतेक, आणि हसन हसेल. पण पोरीच्या कमरेला दोरी मी स्वतः बांधीन आणि तिचं दुसरं टोक हातात धरून बसेन. मासा लागला आणि ती उभी राहायला लागली तर ओरडेन. या बारीला आवाज फुटेल माझा.

नलू बाहेर भांडी घासतेय. कालपासून तिनं पुन्हा विचारलं नाही, नुसती माझ्याकडं बघते. हे पत्र मिटते आणि जाऊन सांगते तिला, येते म्हणून.

तुमची,
शालन