वर्ग उभा आहे, लिहा

गुरुजी,

इतक्या उशिरा लिहितो आहे, माफ करा. तुम्ही जाऊन किती वर्षं झाली ते मोजायची मला भीती वाटते. अक्षर वाईट आहे, आणि गॅस बंद केलाय की नाही ते पाहायला मी मधूनच उठतो आहे. मी मँचेस्टरला असतो. हॉस्पिटलच्या लॉन्ड्रीत चादरी धुण्यात आयुष्य गेलं. बायको तिथेच नर्स होती, इंग्रजी कागद सगळे तीच वाचायची. ती गेल्यापासून कौन्सिलचं साधं पत्र आलं तरी मी नातीची वाट बघत बसतो.

नात इथे युनिव्हर्सिटीत हिस्टरी शिकते. मागे एकदा किचनमध्ये चहा घेताना म्हणाली, "आजोबा, मला एक समजत नाही. जुन्या अमेरिकेत काही ठिकाणी गरिबांना शाळा फ्री होता. फक्त आईवडिलांनी आम्ही पुअर आहे असं सांगायचं. तरी लोक मुलांना पाठवत नव्हते. व्हाय? फ्री आहे तर जा ना."

"तुला नाही कळायचं," मी म्हणालो. "मला कळतं."

मग तिला आपला चौथीचा वर्ग सांगितला. हेडमास्तर दारात उभे आहेत. "फीमाफी हवी त्यांनी उभं राहा." मी बसूनच आहे, वडिलांनी तसं बजावलंय. संध्याकाळी तुम्ही आमच्या चुलीपाशी येऊन बसता, आई भाकरी पुढे करते, आणि वडील म्हणतात, "पोरगं घरी बसेल गुरुजी, पण चारचौघांत गरीब म्हणून उभं राहणार नाही." तुम्ही वाद घातला नाहीत. भाकरी संपवलीत आणि जाताना मला म्हणालात, "उद्या वेळेवर ये. नाही आलास तर कान उपटीन."

दुसऱ्या दिवशी हेडमास्तर आले तसं तुम्ही सगळ्या वर्गाला उभं केलंत. सावकाराचा मुलगा कुरकुरला, "गुरुजी, आमची फी भरलीय." "असू दे. पाय आहेत ना तुला?" मग तुम्हीही खुर्ची सोडलीत. "वर्ग उभा आहे साहेब. कुणाकुणाचं लिहायचं ते तुम्हाला ठाऊकच आहे, लिहा." घरी कळलं तेव्हा वडील नुसते हसले. म्हणून मी सातवीपर्यंत तरी पोहोचलो.

नातीनं चहाचा कप खाली ठेवला. मग म्हणाली, अमेरिकेतही लोक शेवटी याच्यासाठीच भांडले. सगळ्यांच्या टॅक्समधून सगळ्यांची एकच शाळा, म्हणजे कुणाला आपण गरीब आहोत हे सांगावंच लागणार नाही. त्यांना त्यात कितीतरी वर्षं गेली. "तुमच्या टीचरने एका मॉर्निंगमध्ये केला," ती म्हणाली. आणि लगेच, "मग तुम्ही इंग्लिश क्लासला का जात नाही? तो पण फ्री आहे."

जात नव्हतो, कारण रिसेप्शनवर मिळकत विचारतात, तीही सगळ्यांसमोर. दारापर्यंत जाऊन मी परत आलो होतो. या वेळी ट्रामने नात बरोबर आली, दारात सोडून गेली. आत खुर्च्यांची ओळ होती. काउंटरवरच्या बाईनं तिथूनच विचारलं, "पेन्शन क्रेडिट मिळतं का तुम्हाला?" म्हणजे गरीब म्हाताऱ्यांना सरकार देतं तो भत्ता. आणि मी उभा राहिलो. का ते विचारू नका. शेजारी स्कार्फ बांधलेली एक बाई होती, ती बावरून उठली. तिला बघून पलीकडचा तरुण उठला, मग सगळी ओळच. काउंटरवरची बाई हसत सुटली. "सिट डाउन, लव्ह. मी सगळ्यांनाच विचारते हे." आम्हीही हसलो. तशात पळून यायचं राहूनच गेलं, आणि मी वर्गात जाऊन बसलो.

मॅडम चांगल्या आहेत, सावकाश बोलतात. गृहपाठ दिलाय, आपापल्या लहानपणच्या शिक्षकांबद्दल इंग्रजीत लिहा. पहिलं वाक्य त्यांनीच फळ्यावर लिहून दिलं, माझ्या शिक्षकांचं नाव अमुक होतं. बाकीचं मी जमवलं आहे, भाकरी, कान, खुर्ची, सगळं. नावाची जागा तेवढी रिकामी आहे. आम्ही तुम्हाला गुरुजीच म्हणायचो. तुमचं नाव मला कधी माहीतच नव्हतं, म्हणून या पाकिटावरही काही लिहिता येत नाही.

मंगळवारी वर्ग आहे. त्याआधी कळवा.