अव्वाचे दोनशे अकरा फोटो

उमरगा,
दि. ४ नोव्हेंबर २०२५

चि. शांतलिंग यास अक्काचे आशीर्वाद.

इकडे सगळं ठीक आहे. माझा गुडघा दुखतो, पण तो काही तुझ्या चौकशीची वाट बघत नाही. तुझी बायको अर्पिता खुशाल असेलच. रोज सकाळी सहाला तिच्याकडून मला व्हॉट्सॲपवर गुलाबाचं फूल येतं.

पत्र आलं म्हणून दचकू नकोस. फोनवर तू "हो अक्का, हो अक्का" म्हणत दुसरीकडे टाइप करत असतोस, ते मला ऐकू येतं. पत्र निदान हातात धरावं लागतं.

तुझा निरोप मिळाला होता. "अव्वाच्या पुण्यस्मरणाला मोठा फ्लेक्स करू. एखादा मस्त हसरा फोटो शोध. व्हॉट्सॲपवरून नको, फुटतो. कॉम्प्युटरवर टाक आणि ओरिजिनल पाठव. पाच मिनिटांचं काम आहे." सख्ख्या आईला जाऊन वर्ष होतंय आणि मुलाला 'मस्त' फोटो हवाय. तुझी पाच मिनिटं मला तीन दिवस पुरली.

कॉम्प्युटर म्हणजे तू लॅपटॉप घेतल्यावर "अव्वाला विरंगुळा" म्हणून पुण्याहून पाठवलेली अडगळ. ब्याऐंशी वर्षांच्या बाईला कॉम्प्युटर पाठवणारा मुलगा अख्ख्या तालुक्यात तूच. अव्वाने त्यावर इरकलीचा तुकडा पांघरून ठेवला होता आणि आल्यागेल्याला ती तो टीव्ही म्हणून दाखवायची. तो सुरू होईपर्यंत माझी मेथी निवडून होते.

चार्जरची वायर काढून फोन त्याला जोडला. फोन चार्ज व्हायला लागला. त्यापलीकडे काही नाही. मी १९८२ सालची बी.एस्सी., तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलेली बाई, आणि एका काळ्या डब्याला माझा फोन दिसत नव्हता. शेवटी बसस्टँडजवळ सानियाच्या मोबाइलच्या दुकानात गेले. ती माझीच विद्यार्थिनी. वही कधी वेळेवर दिली नाही.

"बाई, ही वायर नुसती चार्जिंगची हाय. हिच्यातनं करंट जातो, फोटू जात न्हाईत."

"वायर ती वायर. आत तारच असते ना?"

"हिच्यात दोनच तारा हायत. फोटूला आणखी दोन लागतात. तुमीच शिकवलं न्हाय का, तार न्हाय तर वाट न्हाय म्हणून?"

मी दुसरी वायर घेतली. तिला थांबवत नव्हतं. "फोन जोडला की वरची पट्टी खाली ओढा आन् फाइल ट्रान्सफर दाबा. आन् बाई, कट करू नगा, कॉपी करा. मधीच वायर निघाली तर हिकडचं बी जातं न् तिकडचं बी." दुकानातली गिऱ्हाइकं माझ्याकडे बघत होती. सातवीतल्या ढ मुलीकडे आपण कसं बघतो, तसं.

असो. फोटो आले. तीन हजारांवर. त्यात दीड हजार अर्पिताची फुलं. मग तुझे पोहण्याच्या तलावाकाठचे, तुझ्या नव्या गाडीचे चारी बाजूंनी, आणि तुझ्या एका जेवणाच्या ताटाचे सात. माणसाने एका ताटाचे सात फोटो का काढावेत, हे मला कोणी समजावलेलं नाही. ते सगळं पुसलं. अव्वाचे दोनशे अकरा उरले. ते सोबतच्या पेन ड्राइव्हमध्ये आहेत.

त्यात हसरा एकही नाही.

मागच्या आठवड्यात मी तुला फोनवर म्हटलं, की तिला दात नव्हते, म्हणून ती फोटोत हसायची नाही. ते खरं नाही.

अप्पांचं पोस्टातलं पेन्शन तिला चालू होतं, आणि दर नोव्हेंबरला ती जिवंत असल्याचा दाखला फोनवरून द्यावा लागायचा. तुला हे माहीत असायचं कारण नाही. फोनच्या चौकटीत तोंड धरायचं, सांगितल्यावर पापणी मिटायची. पहिल्या वर्षी फोनने तिला नऊ वेळा नाकारलं. ती घाबरली. "म्या मेले का गं?" म्हणाली. मी म्हटलं, "अजून नाही. हलू नको. हसू नको. डोळे उघडे ठेव." मग तिला सवय व्हावी म्हणून रोज सकाळी साध्या कॅमेऱ्यात सराव घेतला. मी शिक्षिका आहे, सराव घेते.

ती शिकली. पाढा पाठ व्हावा तशी. त्यानंतर मी फोन उचलला की ती पदर सारखा करायची, मान ताठ करायची आणि डोळे वटारून बघत राहायची. उगादीला, वाढदिवसाला, दारात शेवग्याला शेंगा आल्या तेव्हाही. फोनच्या छोट्या पडद्यावर मला ते कधी जाणवलं नाही. तुझ्या त्या डब्याच्या पडद्यावर एकामागून एक बघितले. दोनशे अकरा वेळा ती मला ती जिवंत असल्याचं पटवून देते आहे.

गेल्या वर्षी ३ नोव्हेंबरला दाखला पहिल्या झटक्यात झाला. तिला फार आनंद झाला. २६ ला ती गेली.

आता एक गोष्ट राहिली. ती लिहायची नाही असं ठरवून मी हे पत्र दोनदा संपवलं होतं.

एक स्क्रीनशॉट सापडला. फोन धरताना माझ्या बोटांनी दोन बटणं एकदम दाबली गेली असणार. रविवारचा तुझा व्हिडिओ कॉल. दर रविवारी अकरा मिनिटं, त्यापुढे तुला मीटिंग. अव्वाचे हात थरथरायचे म्हणून फोन मी धरायचे आणि तोंड खिडकीकडे करून बसायचे, कारण तुझं तोंड बघायची मला इच्छा नसायची. तू माझी नक्कल करायचास. "अव्वा, गोळी घेतली? अव्वा, ताठ बस!" मी तिथे असताना. ती म्हणायची, "अगदी तशीच बोलती बघ, लेका!" मी ऐकत होते. शेजारी ती काय करते आहे, ते मी कधी वळून बघितलं नाही.

त्या फोटोत सगळा पडदाभर तू आहेस, अर्धवट मिटल्या डोळ्यांचा. वर कोपऱ्यात नखाएवढ्या चौकटीत अव्वा. पदर खांद्यावर पडलाय, तोंड उघडं आहे, बोळकं दिसतंय. मी तो मोठा करून बघितला. मोठा केला की ती नाहीशी होते, नुसते चौकोन राहतात. छोटा केला की दिसत नाही. दोन दिवस मी हेच करते आहे.

तुझ्याकडे मात्र ती पडदाभर दिसत होती. चार वर्षांचे रविवार. इतके फोटो काढतोस, ताटाचे सात काढतोस. तिचा एकदा तरी काढलास का? चुकून तरी बटण दाबलं गेलं का?

फ्लेक्सला या दोनशे अकरांतला कुठलाही लाव, लोक जेवायला येतात, फोटो बघायला नाही. मला तुझ्या पडद्यावरचा तो हसरा हवा आहे. ती मला हसत असली तरी चालेल.

जुना फोन टाकून दिला नसशील तर तोही बघ. वायर चार तारांची घे. आणि नसेल तर नाही म्हणून स्पष्ट लिही. "बघतो अक्का" असं लिहू नकोस. मी वाट बघत बसेन.

चार वर्षं तिच्या शेजारी बसून खिडकीबाहेर बघत राहिलेली,
तुझी अक्का
महानंदा