किती दिवस दुखलं होतं

रेडमंड,
९ नोव्हेंबर २०२५

प्रिय ताई,

इतके दिवस लिहिलं नाही, माफ कर. दोन वर्षं होऊन गेली. फ्रीमाँटला तुझ्या घरी गणपतीत आपलं जे भांडण झालं, त्यानंतर फोन उचलून काय बोलायचं ते सुचेना, आणि मग न बोलण्याचीच सवय झाली. तू म्हणाली होतीस, "तुला मूल नाही पद्मा, तुला नाही कळायचं." मी जेवणाच्या ताटावरून उठून बॅग भरली. माझ्या रोजनिशीत त्या वाक्यावर बरीच पानं खर्ची पडली आहेत, बहुतेक माझ्याच बाजूनं लिहिलेली. आता ती वाचवत नाहीत.

इथे पाऊस लागून राहिलाय. अरुणनं गुडघ्याचं ऑपरेशन पुन्हा पुढे ढकललं. आणि शिव आमच्याकडे आहे. मी शिवच लिहिणार, ताई. तुझ्या मनात अजून तुझी मुलगी इशिताच असेल, ते बदल असं सांगण्याचा मला हक्क नाही. पण मुलगा झाला तर शिव, हे तू आणि देवदत्त भावोजींनीच ठरवून ठेवलं होतंत. नवं नाव घ्यायची वेळ आली तेव्हा त्यानं दुसरं कुठलं शोधलं नाही. हे तेव्हाच तुला सांगायला हवं होतं का, की त्यानं सांगण्याची वाट बघायला हवी होती, हे मला अजून ठरवता येत नाही.

त्याला दाढी आलीय, आपल्या बाबांसारखी विरळ. बॉइसीला वनखात्यात कामाला लागल्यापासून उन्हानं रापलाय. जेवताना अजून वरणभातावर तुपाची धार पडेपर्यंत हात लावत नाही. हे आधी लिहिते, कारण पुढचं लिहिताना तो तुला अनोळखी वाटू नये.

हार्मोनच्या इंजेक्शनांनी त्याची पाळी कधीच थांबली होती. पाळी नाही म्हणजे दिवस राहायचे नाहीत, असं तो धरून चालला. तसं नसतं, हे त्याला कोणी नीट सांगितलं नव्हतं. पोट दुखायला लागलं तेव्हा तो तिथल्या एका दवाखान्यात गेला. कार्डावर पुरुष, तोंडावर दाढी. गॅसच्या गोळ्या देऊन घरी पाठवला. पुन्हा गेला तेव्हा गोळ्या बदलून दिल्या. खरं कळलं तेव्हा चौथा महिना सरत आला होता, आणि त्या राज्यात गर्भपाताला बंदी. कोणाचं, हे मी विचारलं नाही. जबरदस्ती झाली होती का, एवढंच विचारलं. नाही म्हणाला. मूल नको होतं, हे मात्र न विचारता सांगितलं, आणि ते सांगताना माझ्याकडे बघितलं नाही. अरुणनं आणि मी मुलासाठी किती वर्षं दवाखान्याच्या चकरा मारल्या ते त्याला ठाऊक आहे. मला वाईट वाटेल म्हणून त्याला वाईट वाटत होतं. मला खरंच वाटलं का, हे मी स्वतःला विचारून बघितलं. क्षणभर वाटलं. मग त्याच्या हाताची कुरतडलेली नखं दिसली.

डोंगर ओलांडून एकट्यानं गाडी चालवत आला. आमच्या राज्यात कायदा आड येत नाही, पण कायदा म्हणजे सगळं नव्हे. सोनोग्राफीची ऑर्डर कॉम्प्युटर परत पाठवत होता, पुरुषाला ही तपासणी लागू नाही म्हणून. काउंटरवरची बाई बिचारी तीन-तीनदा तेच बटण दाबत होती. मी इतकी वर्षं सॉफ्टवेअर लिहितेय. असे नियम मीही लिहिलेत, चुकून कोणी भलतं काही भरू नये म्हणून, आणि लिहून झाल्यावर शांतपणे घरी गेलेय. ते निस्तरण्यात आठवडा गेला, आणि त्या आठवड्यात गर्भपाताचं एका दिवसाचं काम दोन दिवसांचं झालं.

त्या दिवशी आम्ही दोघं बाहेर बसलो होतो. नर्सनं "शिव" अशी हाक मारली आणि शेहेचाळीस वर्षांच्या माझ्याकडे बघून हसली. तिला वाटलं, मुलगा आईला घेऊन आलाय. समोरच्या बायकाही माझ्याकडेच बघायला लागल्या. मी शिव आहे, हे सांगायला त्याला सगळ्यांदेखत उभं राहावं लागलं. त्या बायकांत मग जी कुजबुज झाली ती वाईट नव्हती, नुसती कुजबुज होती. मी जिथे वर्षानुवर्षं बसले त्या खुर्च्या अशाच होत्या. तिथे मला कधी कोणी विचारलं नव्हतं, तुम्ही इथे कशा.

सगळं नीट पार पडलं. डॉक्टर चांगली होती. पण दोन दिवसांनी त्याला दूध आलं, ताई.

छाती सपाट दिसावी म्हणून तो जो घट्ट पट्टा घालतो, तो घालवेना, आणि त्याशिवाय खोलीबाहेर येववेना. शर्ट भिजत होता. दवाखान्यातून मिळालेल्या कागदावर दोन ओळी होत्या, त्या 'मातां'साठी होत्या. मी कोबीची पानं दिली, गोठवलेल्या मटारची पिशवी दिली. मग आपल्या आईनं सांगितलेलं आठवलं, छातीला मोगरा बांधला की दूध आटतं. इंडियन दुकानात देवासाठी ठेवलेले गजरे होते, ते आणले. फ्रिज उघडताना त्याला दिसले. "मावशी, कोणाचं लग्न आहे?" म्हणाला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा थट्टा केली, म्हणून मी खरं सांगून टाकलं. आईनं मोगरा कोणाला बांधला होता, तेही सांगितलं. नागपूरचं तुझं पहिलं बाळ, जे पोटातच गेलं, ते त्याला माहीत नव्हतं. ते सांगणं तुझं होतं, माझं नव्हतं. मी तुला न विचारता सांगितलं.

त्यानं एक गजरा हातात घेतला. मग म्हणाला, "आईलापण असंच झालं होतं? किती दिवस दुखलं तिला?"

मला ते माहीतच नव्हतं. मी तेव्हा पुण्याला होस्टेलवर होते. घरी आले तेव्हा तू नेहमीसारखी पोळ्या लाटत होतीस, आणि आईनं डोळ्यांनीच मला गप्प केलं. तू म्हणालीस ते वाक्य इथे तरी खरं ठरलं. मला नाही कळत. रिकाम्या हातांनी बसून दूध थांबायची वाट बघणं म्हणजे काय, हे आपल्या घरात फक्त तुला माहीत आहे, आणि आता त्याला. तुझं बाळ तुला हवं होतं, त्याला हे नको होतं. दोन्ही सारखंच असं मी म्हणत नाही. पण शर्ट सारखाच भिजतो.

"तुझ्या आईला विचारू का?" असं मी म्हटलं. खिडकीकडे तोंड करून म्हणाला, "ओके. पण फक्त तेवढंच विचार." म्हणून हे पत्र. किती दिवस दुखलं होतं, ताई? मला कळवू नकोस. त्याला फोन कर. नंबर तोच आहे, त्यानं बदललेला नाही. मराठीतच बोल, त्याला सगळं समजतं, वाचता मात्र येत नाही. आणि 'तेवढंच' म्हणाला असताना मी इतकं सगळं लिहून बसले. तुझ्यापर्यंत पोचेल तेव्हा यात काळ्या रेघा असतील, तर त्या त्याच्या समज. कदाचित सगळं खोडून एकच प्रश्न उरेल. तरी फोन कर.

तुझीच,
पद्मा

उद्या: पोस्टात टाकण्याआधी हे शिवला वाचून दाखवायचं, आणि तो म्हणेल ते खोडायचं.