पाच मिनिटांचा राजमा

मंगळवार, ता. ४

चि. बारक्यास,
अ. आ. वि. वि.

डॉक्टरांनी बाबांचं मटण बंद केल्यापासून तू त्यांना रोज पाव आणि उकडलेल्या भाज्या देतोस, असं कळलं. लाकडावर रंधा मारण्यात जन्म गेलेल्या माणसाला ही शिक्षा झाली. दाताखाली काहीतरी यायला हवं.

पास्ता मिठाच्या पाण्यात उकळत ठेव. दुसरीकडे तेलात लसूण, गाजर, ढोबळी मिरची परत, टोमॅटो घाल. राजमा पाण्यातून काढून शेवटी टाक, पाच मिनिटं पुरे. मग पास्ता मिसळ. अर्ध्या तासात जेवण तयार. तुझ्यासारख्या चौकटी बनवणाऱ्याला गाजराचे तुकडे सारखे करायला जड जाऊ नये.

छापखान्यात मुद्रितं तपासायची खूप साठली आहेत. या महिन्यातही यायला जमेलसं दिसत नाही.

कळावं. माया आहेच, तीत खंड नको.
तुझी ताई

रविवार, ता. ९

ति. ताईस,
सा. न. वि. वि.

बाबा आज दवाखान्यातून घरी आले. आता बरे आहेत, म्हणून लिहितो.

गुरुवारी पास्ता केला. राजमा सकाळी भिजत घातला होता. संध्याकाळी पाणी काढलं आणि पाच मिनिटं परतला. बाबांनी ताट पुसून खाल्लं, वर उरलेलाही मागून घेतला. माझ्या वाट्याला दोन घास आले. दोन-तीन तासांत त्यांना उलट्या सुरू झाल्या. तीन दिवस सलाईन होतं. राजमा नीट उकळला नाही तर विषासारखा बाधतो, असं डॉक्टर म्हणाले. पाच मिनिटांत राजमा शिजवायचं कुठून शिकलात, असंही त्यांनी विचारलं.

तुझ्या पत्रात सगळं बरोबरच असणार. मीच घाईत काहीतरी गाळलं असेन.

पुढच्या सोमवारी, सतरा तारखेला, बाबांना वृद्धाश्रमात पोचवतो. तिथे निदान स्वयंपाक येणारी माणसं आहेत. बाबांना तसं सांगितलं. ते हो म्हणाले नाहीत, नाही म्हणाले नाहीत.

लोभ ठेवता आला तर ठेव.
तुझा बारक्या

मंगळवार, ता. ११

चि. बारक्यास,
अ. आ.

तू काही गाळलं नाहीस. गाळलं मी. डबाबंद राजमा म्हणायचं होतं, शिजवलेला, डब्यात मिळतो तो. दुसऱ्यांच्या गाळलेल्या शब्दांवर माझं पोट चालतं, आणि स्वतःच्या पत्रात एक शब्द राहिला.

एवढंच असतं तर तुला तोंड दाखवलं असतं. पत्र पेटीत टाकून परतताना ते माझ्या लक्षात आलं होतं. म्हटलं, एवढं त्याला कळेल. फोन केला नाही. कामावर जायला उशीर होत होता.

हे बाबांना वाचून दाखव. त्यांना कुठेही पोचवू नकोस. मी रविवारी येते.

रागावलास तरी पत्र बंद करू नकोस.
ताई

शुक्रवार, ता. १४

चि. ताई व चि. बारक्या,
दोघांस अ. आ.

एकच पत्र दोघांना लिहितो. बारक्या वाचेल आणि पोस्टात टाकेल.

राजमा कच्चा आहे हे मला पहिल्या घासालाच कळलं. बारक्या समोर बसून माझ्या तोंडाकडे बघत होता. त्याची पहिली खुर्ची मी तीनदा उकलायला लावली होती, तेव्हा असाच बघत उभा होता. म्हणून गिळलं. त्याच्या पोटात जास्त जाऊ नये म्हणून उरलेलंही मीच मागून घेतलं.

वृद्धाश्रमाचं ऐकूनही गप्प बसलो. नको म्हणायचं तर कच्चा राजमा मी जाणूनबुजून खाल्ला, हेही सांगावं लागलं असतं. ताईचं पत्र बारक्याने वाचून दाखवलं, तेव्हा कळलं की माझ्या गप्प बसण्याने तुम्ही दोघं पोळताय.

मी कुठेही जाणार नाही. जन्मभर बारक्याच्या प्रत्येक कामाला नावं ठेवली. एकदाच ठेवली नाहीत, आणि नेमकी तेव्हाच ठेवायला हवी होती.

आशीर्वाद आहेतच.
बाबा