डावीकडची पहिली जागा

ता. ३ फेब्रुवारी

ती. मामास,
शि. सा. न. वि. वि.

चित्र एकदाचं पुरं झालं, त्याच्या प्रतीही छापून आल्या! ज्याच्यापायी वर्षभर आईची बोलणी खाल्ली ते हेच. तुमचं आणि बाबांचं विमान, उतरती संध्याकाळ, ढग फाटलेत आणि खाली नदी चमकते आहे. लढाईत रेडिओ बंद पडलेला असताना तुम्ही दोघे सुखरूप परत आलात, तो क्षण. पुढे बाबा विमान चालवतायत, मागे तुम्ही नकाशा मांडीवर घेऊन. आईने बघून एवढंच म्हटलं, की माझा भाऊ इतका बारीक कधीच नव्हता.

अशी चित्रं जमवणारी माणसं वेगळीच असतात. त्यांना नुसतं चित्र चालत नाही, त्या विमानात प्रत्यक्ष बसलेल्यांच्या सह्या लागतात. चित्राखालच्या कोऱ्या पट्टीवर, पेन्सिलीने. शाई हळूहळू उडते, पेन्सिल टिकते म्हणे. डावीकडची पहिली सही वैमानिकाची, तिच्या शेजारी बाकीच्यांची, असा रिवाज आहे. म्हणजे बाबांची पहिली आणि तुमची दुसरी. महिनाअखेरीला प्रदर्शन आहे आणि एकाच सहीच्या प्रती घ्यायला प्रदर्शनवाले तयार नाहीत. खरं सांगू, मलाही त्या अर्ध्याच वाटतील.

दादाच्या लग्नानंतर तुम्ही इकडे फिरकलाच नाहीत. निदान सहीसाठी तरी या. आई रोज तुमचं नाव काढते.

भाचीवरची माया पातळ होऊ देऊ नये ही विनंती.
तुमची,
रंगारीण

ता. ९ फेब्रुवारी

चि. रंगारीणबाईस,
अनेक आशीर्वाद.

चित्राचा फोटो पोचला. झकास! ढग तर असे काढलेस की मला पुन्हा गार वाटलं. आईला म्हणावं, तेव्हा मी बारीकच होतो, जाड झालो तो पुढे तिच्या हातचं खाऊन.

सही मात्र मी करणार नाही. रागावू नकोस, कारण सांगतो.

त्या संध्याकाळी खाली ढगांची गादी आणि रेडिओ मुका. मी म्हटलं डावीकडे वळ, नदी तिकडे आहे. तुझे बाबा म्हणाले उजवीकडे. वर आभाळात आम्ही दोघं भांडत होतो, खरंच सांगतो, घरातल्यासारखं! इंधन तळाला गेलं तेव्हा कुठे साहेब डावीकडे वळले, आणि नदी सापडली. पण जमिनीवर उतरेपर्यंत गोष्ट फिरलेली होती. म्हणे मी वाट चुकलो आणि यांनी वासावर घर शोधलं. इतकी वर्षं मीही हसत आलो. दादाच्या लग्नात सगळ्या पाहुण्यांसमोर पुन्हा तेच, हातवारे करून. तेव्हापासून मी भाजी आणायला निघालो की माझी सूनबाई विचारते, बाबा, पत्ता लिहून देऊ का?

मस्करी आहे, कळतं मला. पण पोरी, त्या विमानात माझं कामच एक होतं, घरी आणायचं. तेच मी केलं नाही म्हटल्यावर माझ्याजवळ राहिलं काय? वाईट वाटतं गं.

आधी आम्ही एकमेकांना अरे-तुरे करायचो. त्याने माझ्या बहिणीशी लग्न केलं आणि मला त्याला दाजी म्हणायची पाळी आली. त्या लढाईतला माझा तेवढाच पराभव. आता त्याच्या शेजारी दुसरी सही करून मागची सीट पुन्हा कशाला पत्करू? शिवाय पेन्सिलीची सही ती काय सही! वाण्याचा हिशेब वाटतो.

तुझ्यावरचा लोभ पक्का आहे, रागाचा त्याच्याशी संबंध लावू नकोस.
तुझा,
मामा

ता. १७ फेब्रुवारी

ती. मामास,
शि. सा. न. वि. वि.

मामा, घोटाळा झाला!

तुमचं पत्र आईने चहाच्या वेळी मोठ्याने वाचलं. मी खुणा करत होते, पण ती थांबते थोडीच. वाचून झाल्यावर म्हणाली, आता बोला. बाबा चष्मा पुसत बसले. चहा गार झाला तो तसाच राहिला.

दुसऱ्या दिवशी स्वतःच म्हणाले, सह्या उरकून टाकू. आईने टेबलावर धुतलेली चादर अंथरली, त्यांना हात धुवायला लावले. मी पेन्सिली टोकदार करून दिल्या आणि रंगाच्या दुकानात गेले. तिथेच चुकलं. परत येऊन बघते तर काय, सगळ्या प्रतींवर बाबांनी दुसऱ्या जागी सही करून ठेवलेली. डावीकडची पहिली जागा कोरी! मी डोकं धरून बसले. विचारलं तर म्हणाले, मला जिथे दिसलं तिथे केली. त्यांचे डोळे तपासायला हवेत बहुतेक. आणि एवढं करून स्वारी शीळ घालत घरभर फिरते आहे.

पेन्सिल असली तरी खोडता येत नाही, रबर लागलं की कागद खरवडला जातो. प्रदर्शनवाले कुरकुरतायत, की अशाने लोकांना वाटेल विमान दुसऱ्याच कुणाचं होतं. सोबतच्या नळीत एक प्रत पाठवते. सही करू नका हवी तर, पण सगळं पुन्हा छापू का, एवढं तरी सांगा.

उलट टपाली धीर द्यावा.
तुमची,
घाबरलेली रंगारीण

ता. २३ फेब्रुवारी

चि. रंगारीणबाईस,
अनेक आशीर्वाद.

काही पुन्हा छापू नकोस. रबर तर घरातच ठेवू नकोस. तुझ्या बापाचे डोळे ठणठणीत आहेत.

प्रत उलगडून खिडकीपाशी धरली आणि बराच वेळ ती कोरी जागा बघत राहिलो. त्याची सही जराशी तिरकी आहे, शाळेत बाकावर दुसऱ्याला जागा करून देताना पोरं सरकतात तशी. सूनबाई विचारत होती, काय झालं. सांगून टाकतो, डोळ्यांत पाणी आलं होतं. मग तिला मी ती संध्याकाळ पहिल्यापासून सांगितली, डावीकडे वळण्यासकट. आता भाजीला निघालो की ती गप्प पिशवी देते.

प्रदर्शनवाल्यांना सांग, रिवाज मोडलाय खरा, पण क्रम बरोबर आहे. माझ्या प्रतीवर सही झाली. बाकीच्या करायला शनिवारच्या गाडीने येतो. आईला म्हणावं, चार दिवस राहीन. बाबांना त्यांची गोष्ट खुशाल सांगू दे, वळण आलं की मी नुसता खोकेन.

आणि त्याला सांग, लेका, स्टेशनवर घ्यायला येऊ नकोस. मला घर सापडतं.

लोभ असू द्यावा, पेन्सिलीसारखा टिकणारा.
तुझा,
मामा