मागच्या दारानं ये

कोपरखैरणे
गुरुवार, ५ फेब्रुवारी

दादा,

पाया पडते. वैशाली वहिनीला पण सांग. इकडे आमी सगळे बरे आहोत. आईची कंबर धरली होती, पण आता ती परत माझ्यावर ओरडायला लागलीय, म्हणजे बरी आहे. आबांना या आठवड्यात वाशीच्या बाजारात सकाळची पाळी आहे. दुपारी येऊन टीव्हीसमोर झोपतात आणि टीव्ही बंद केला की जागे होतात.

पत्र बघून तू हसशील. पण फोनवर तू बोलतोस, मी हं हं करते. मग तू "बाकी काय?" म्हणतोस, मी "काय नाही" म्हणते आणि फोन आईला देते. या वेळी "काय नाही" म्हणून चालणार नाही. विश्वजितचा टेम्पो रोज द्रोणागिरीला तुमच्या गोदामात येतो, त्याच्याकडे डबा देतेय. चिवडा आहे. आधी पत्र वाच, मग खा.

परवा तू आबांना फोनवर म्हणालास, "रविवारी येतो आणि त्या गिरणीवाल्या सुभाषला बघतो. तक्रार करून माझ्या बहिणीची खोली पाडायला लावली त्यानं." आबा नुसते "बरं" म्हणाले. तेव्हापासून माझं शिवणात लक्ष नाही. काल एका ब्लाउजला दोन्ही बाह्या डाव्या लावल्या.

नोटीस आली आणि खोली गेली, एवढंच तुला माहीत आहे. मधलं कुणी सांगितलंच नाही.

महापालिकेतनं मंजुषा मॅडम आल्या होत्या. आमाला वाटलं जेसीबी येणार, पण त्यांच्या हातात मोजायची टेप होती. आपल्या बारा घरांच्या मागची गल्ली मोजायला लागल्या, ती आपल्या टोकाकडनं. तू बांधलेली खोली सगळीच्या सगळी गल्लीत निघाली. आई एकदम तोऱ्यात म्हणाली, "आमची परवानगी हाय बाई. लेकानं काढून ठेवलीय." आणि देवघरातनं ती निळी फाईल घेऊन आली. तूच तिच्या हातात दिलेलीस ना, "परवानगी आहे, नीट ठेव" म्हणून. आई दर दसऱ्याला त्या फाईलला हळदकुंकू लावते. मॅडमनी उघडली तर त्यांच्या साडीवर कुंकू सांडलं. आतला इंग्लिश कागद वाचला, आईकडे बघितलं आणि हळू आवाजात म्हणाल्या, "मावशी, हे टाइल्सच्या दुकानाचं बिल आहे."

 मग आबा म्हणाले, "विजयमाला, दोन वर्षं टाइल्स पूजल्यास गं!" आणि आई अशी हसली, अशी हसली, की मॅडम पण हसल्या.

मला नाही हसू आलं.

मॅडमनी एक महिना दिला. स्वतः काढलंत तर आमी हात लावणार नाही म्हणाल्या. आबा आणि मी मिळून काढली. एकेक वीट साफ करून ठेवलीय. खिडकी तू मुद्दाम खाली लावलेलीस, मशीनवर बसल्या बसल्या मला बाहेरचा रस्ता दिसावा म्हणून. ती चौकट मी कुणाला तोडू दिली नाही. जशीच्या तशी पलंगाखाली आहे.

दादा, मी काही विसरले नाही. नववीत सरांनी मला उभं करून धडा वाचायला लावला, माझा आवाज फुटेना आणि सगळा वर्ग हसला. दुसऱ्या दिवशी मी दप्तरच उचललं नाही. आबांनी डोक्याला हात लावला. आई रडली. तू एकटाच म्हणालास, "नको जाऊ. तुला खोली बांधून देतो, मशीन घेऊन देतो. तिथं कोण हसतंय बघू." आणि रविवारचे रविवार स्वतः विटा लावल्यास. म्हणून तर हे लिहायला हात चालत नाही. मघापासून खिडकीचं नि टाइल्सचं सांगत बसलेय.

तक्रार सुभाष काकांनी नाही केली. मी केली.

दिवाळीनंतर शेजारच्या केशर मावशी पडल्या, ते तुला माहीत आहे. कशा ते माहीत नाही. मागच्या मोरीत पडल्या, घरात एकट्या, पुढच्या दाराला आतनं कडी. मी मशीनवर होते. भिंतीतनं आवाज आला, "उत्कर्षे, मागनं ये गं!" मागनं कुठनं जाणार? एका बाजूला माझी खोली, दुसऱ्या बाजूला सुभाष काकांची गिरणीची शेड. मी भिंतीला तोंड लावून ओरडले, "आले मावशी!" आणि तिथंच उभी. दरवाजा फोडायला माणसं जमेपर्यंत अर्धा तास त्या हाक मारत होत्या आणि मी "आले, आले" म्हणत होते.

नंतर मला ती खोली बसायला नको झाली.

कुणाला बोलता येईना म्हणून लिहिलं. महापालिकेच्या विभाग कार्यालयात जाऊन तिथल्या तक्रारपेटीत कागद टाकला. नाव नाही घातलं. कुणाचं घर म्हणून पण नाही लिहिलं. 'गल्ली बंद आहे, आजारी माणसाला मागनं काढता येत नाही' एवढंच. मला वाटलं, काकांची शेड जाईल आणि वाट होईल. आपल्याकडे तर परवानगी आहे, दादानंच सांगितलंय.

तू खोटं का बोललास ते मला कळतं. नाहीतर आबांनी पहिली वीट लावू दिली नसती.

आता काकांचं ऐक. मॅडमच्या हातात माझा कागद होता आणि काका शेजारीच उभे होते. गिरणीत डब्यांवर खडूनं नावं मीच घालते, माझं अक्षर ते रोज बघतात. त्यांनी कागद बघितला, मग मला बघितलं. दुसऱ्या दिवशी स्वतःच्या शेडचे पत्रे उतरवले आणि मग आपल्या विटा उचलायला आले. तू त्यांना फोन करून शिव्या दिल्यास ना, तेव्हा मी गिरणीतच होते. त्यांनी फोन ठेवला आणि मला म्हणाले, "पोरी, सरस्वतीच्या डब्यावर नाव घाल, ज्वारी आहे तिची." बस. त्यांनी तुला सांगितलं नाही, आणि मी पण तिथं नावच घालत बसले.

खरं सांगू, गल्ली मोकळी झाल्यापासून मला फार बरं वाटतं. तुला राग येईल, पण वाटतं. मशीन आता मागच्या दारात आहे. ऊन येतं, वारा येतो. केशर मावशी काठी टेकत त्यांच्या दारातनं माझ्या दारात येतात आणि माझ्या टाक्यांना नावं ठेवतात. बाकीच्या बायका पण मागनंच येतात, कापड देतात, बसतात. पुढच्या दारानं माझ्याकडे कुणी यायचं नाही. काल मी एकीला म्हणाले, "गळा एवढा मोठा नको, तुमाला शोभणार नाही." ती बरं म्हणाली! आई आतनं बघायला आली, कोण बोललं म्हणून.

आणि खोलीची गरज आहे ती आहेच. तू आणि वहिनी आलात की आबांना बाहेर ओट्यावर झोपावं लागतं. मॅडम म्हणाल्या, "जागा कमी पडते ते मला दिसतंय. पण गल्ली सगळ्यांची आहे. वर मजला चढवा, नकाशा द्या, मापात बांधा." आबांनी अर्ज केलाय. पोचपावती मिळाली, ती आईनं आधी माझ्याकडनं मोठ्यानं वाचून घेतली, मगच हळदकुंकू लावलं. मी वाचली, दादा. मोठ्यानं. शेवटपर्यंत.

परवानगी आली की ती खिडकी तूच वर लाव.

रविवारी ये. काकांकडे आपण दोघं जाऊ. आधी मी बोलेन. आवाज नाही फुटला तर तू नुसता शेजारी उभा राहा. पण पुढनं येऊ नको. मागच्या दारानं ये, आता येता येतं.

तिथंच बसलेली,
तुझी तक्रारवाली
उत्कर्षा