लाल की पांढरी

९ नोव्हेंबर, रविवार

गाडी घ्यायची म्हणतो! आणि साधीसुधी नाही — पळणारी. अजिनाथने चहा पिता पिता सांगितलं, दळण आणायचं सांगावं तसं. (घरात मी ‘अहो’ म्हणते. इथं नाव लिहिते. इथं कोण ऐकतंय.)

दोन हेरून ठेवल्यात मोबाईलवर, दोन्ही वापरलेल्या. एक लाल, जपानी — दोन दारं, दोनच सीटा, हाताने टाकायचे सहा गिअर. दुसरी पांढरी — चार दारं, ऑटोमॅटिक, दिसायला गरीब पण पळायला तशीच. म्हणे, ‘तू रोज पारनेर-नगर करतीस. रोजचं जाणं हुईल आन मजाबी.’

मजा! अपघातानंतर या घरात हा शब्द कुणी काढला नव्हता.

त्याची बोअर पाडायची मशीन विकली, पैसे हातात आले, तेव्हापासून त्याच्या डोक्यात हे आहे. मला दोन वर्षांपूर्वीचा तो अपघात आठवला. सुप्याच्या रस्त्यावर अंधार पडता पडता उसाची ट्रॉली बंद पडलेली, मागे लाल कापडसुद्धा नाही, आणि हा वेगात. कंबरेखालचं सगळं गेलं. तेव्हापासून गाडीत बसलाय तो फक्त दवाखान्यात जाताना, मागच्या सीटवर, आडवा. आणि आज गिअरच्या गप्पा मारतोय.

१२ नोव्हेंबर, बुधवार

रक्तपेढीत दिवसभर लक्ष लागलं नाही. एक नमुना दोनदा तपासला.

संध्याकाळी त्याने मोबाईलवर लालच्या इंजिनाचा आवाज ऐकवला. सासूबाई आतून ओरडल्या — ‘कशाचं मशीन चालू केलं रं?’ तो हसला. मोठ्याने.

हल्ली तो हसला की मला भीती वाटते.

१६ नोव्हेंबर, रविवार

लाल बघून आले. एकटीच. तो आला नाही — ‘चालवायची तुला हाय, तूच बघ.’

केडगावला सहादेवशेठचा जुन्या गाड्यांचा धंदा. अजिनाथला ओळखतात फार पूर्वीपासून. किल्ली हातात दिली. ‘जा ताई, फिरवून आणा. मी बसत न्हाई, तुमाला अवघडल्यावानी हुईल.’

गेटातच दोनदा बंद पाडली! क्लच जड. बूड इतकं खाली की रस्ता मांडीला लागतोय असं वाटलं. आमच्या जुन्या वॅगनारमध्ये मी खुर्चीवर बसल्यासारखी बसते, हिच्यात पाय लांब करून, जवळजवळ झोपून. स्पीडब्रेकरवर तिरकी घातली, तरी खालून घासली. पुणे रस्त्याला लागले तेव्हा हात घामेजले होते. मग कामरगावच्या चढाला तिसरा टाकला आणि पाय दाबला.

काय सांगू! पाठ सीटला चिकटली. चढ संपलासुद्धा. काचा बंद होत्या, मी आत एकटी, आणि मी ओरडले. सदतीस वर्षांची बाई — चांगली मोठ्याने ओरडले. सुप्याच्या अलीकडून वळवली आणि परत तोच चढ उलटा उतरले, नुसत्या हौसेने.

परत आल्यावर शेठना विचारलं, मागे व्हीलचेअर बसेल का. त्यांनी मागचं दार उचललं. उतरती काच, खाली चपटी जागा. हाताने अंदाज घेतला. ‘चाकं काढली तरी न्हाई बसायची, ताई.’

आणि मला बरं वाटलं.

एक क्षणच. पण वाटलं. इथं लिहून ठेवते, दुसरीकडे कुठे ठेवू.

घरी येऊन ‘छान आहे’ म्हणाले. तेवढंच.

१७ नोव्हेंबर

बरं का वाटलं मला?

१९ नोव्हेंबर, बुधवार

आज बोललेच. त्याची पाठ पुसत होते — तोंड दिसत नाही, म्हणून जमलं.

‘लालमध्ये खुर्ची बसत नाही. माहीत होतं तुम्हाला?’

‘व्हय.’

‘मग?’

‘म्हणून तर.’

टॉवेल तसाच हातात राहिला. तो भिंतीकडे बघत बोलत होता. ‘आरती, तू रक्तपेढीत जातीस, तितनं घरी येतीस, माझं करतीस. सुट्टीच्या दिवशी कुठं जावं म्हणलं तर पैली खुर्ची आठवती. ह्या गाडीत खुर्चीचा इषयच न्हाई. भंडारदऱ्याला जा. घाटानं जा. आन मला येऊन सांग रस्ता कसा हुता.’

‘आणि तुम्ही?’

‘मी हाय तितं बरा हाय.’

मी भांडले. मला वाटेला लावायची तयारी केली होती त्याने, लाल रंगाची, सहा गिअरची! म्हणाले, मी काय तुमचे डोळे आहे का, बघून यायला? कुणी मागितली असली सुट्टी?

पण भांडताना कामरगावचा चढ आठवत होता. मागितली नव्हती. पण तिथं मी सुट्टीवरच होते.

२३ नोव्हेंबर, रविवार

सहादेवशेठ स्वतः पांढरी दारात घेऊन आले. डिकीत खुर्ची बसली, वर जागा उरली. शेठ सहज बोलून गेले — ऑटोमॅटिकला हाताने चालवायचे दांडे बसवता येतात, पुण्यात एक जण बसवतो. हँडलजवळ एकच दांडा. ओढला की पळते, ढकलला की थांबते. मला हे माहीतच नव्हतं. मग अजिनाथकडे बघितलं. त्याला माहीत होतं! दोन गाड्यांत ही दुसरी उगाच नव्हती. कधीतरी, मोबाईलवर बघता बघता, त्याने स्वतःलाही तिच्यात बसवून बघितलं असणार.

‘न्हाई,’ तो म्हणाला. मी काही विचारायच्या आधीच. ‘हातानं गाडी चालीवणारा दिसला की लोक थांबून बघत्यात. टाळ्या वाजिवत्यात. मला कुनाच्या टाळ्या नको.’

सासूबाई वाकून वाकून डिकी बघत होत्या. ‘हिच्यात खुर्ची बसती, पोरगाबी बसतो. मंग आडलं कुटं?’

शेठनी चहा अर्धा ठेवला.

२९ नोव्हेंबर, शनिवार

पांढरी घेतली. मीच ठरवलं. त्याला विचारलं नाही, सांगितलं.

सही करताना लाल शेजारीच उभी होती. धुऊन ठेवलेली. मी तिच्याकडे बघितलं नाही. बाहेर पडल्यावर रडू आलं — गाडीसाठी रडणारी मी! पांढरी घेतली ती त्याच्यासाठी, की मला जे बरं वाटलं होतं त्याची भरपाई म्हणून? दोन्ही असेल. सही तीच होते.

१४ डिसेंबर, रविवार

पुण्याहून दांडा बसवून आणला. आरटीओत वेगळी नोंद करायची होती, तीही शुक्रवारी झाली. त्यासाठी अजिनाथ मुकाट्याने आला, सह्या केल्या, साहेबाने विचारलं तेवढंच बोलला. येताना पूर्ण रस्ता खिडकीतून बाहेर बघत होता.

मी त्याला सांगितलं — तुम्ही चालवल्याशिवाय मी हिला हात लावणार नाही. मी माझ्या वॅगनारने जाईन.

‘मंग उभी राहू दे,’ म्हणाला.

२१ डिसेंबर

उभी आहे. वर धूळ. चिमण्यांनी आरसा घाण केलाय.

४ जानेवारी, रविवार

आज बसला!

दुपारी स्वतःच म्हणाला, ‘फळी आन.’ खुर्चीवरून सीटवर फळी टाकली, त्यावरून तो घसरत आत गेला. हात केवढे जड झालेत त्याचे या दोन वर्षांत. मी शेजारी बसले. सासूबाई तुळशीपाशी उभ्या, पदर तोंडाला.

दांडा ओढला. गाडी झेप घेऊन निघाली, मी किंचाळले, त्याने ढकलला, दोघांची डोकी पुढे गेली. परत. परत. मग हळूहळू फाटकापर्यंत आणली. फाटकाबाहेर रस्ता. रस्त्यावर, लांब, उसाची भरलेली ट्रॉली येत होती, गाणी लावून.

त्याने दांडा ढकलला आणि तसाच दाबून धरला. कपाळावर घाम. ट्रॉली समोरून निघून गेली, पाचट उडालं काचेवर, गाण्याचा आवाज लांब गेला, तरी तो तसाच.

‘बंद कर,’ म्हणाला. ‘आरती, बंद कर. बंद कर.’

मी बंद केली. मी त्याचा हात धरायला गेले, त्याने काढून घेतला. मग म्हणाला, ‘त्या दिशी मला ट्रॉली दिसली हुती. लांबूनच. मला वाटलं, बाजूनं काढीन.’

हे त्याने कुणालाच सांगितलेलं नाही. पोलिसांनाही नाही, आईलाही नाही. मी ‘कापड नव्हतं मागे,’ म्हणाले.

‘कापड नव्हतं. पन मला दिसली हुती.’

५ जानेवारी

जेवला थोडं.

११ जानेवारी, रविवार

काचेवरचं पाचट पुसायला गेले, तर आधीच कुणीतरी पुसलेलं. आरसाही. सासूबाईंना विचारलं. ‘मला काय म्हाईत,’ म्हणाल्या, आणि भाजी निवडत राहिल्या. त्यांना खोटं बोलता येत नाही, कान लाल होतात.

मी काही विचारलं नाही. रोज सकाळी जाते, संध्याकाळी येते. अंगणात गाडीच्या चाकांच्या खुणा वाढताहेत. आधी फाटकापर्यंत. मग फाटकाबाहेर. मी त्या ओलांडून घरात येते.

२४ जानेवारी, शनिवार

संध्याकाळी आले तर अंगण मोकळं. पांढरी नाही. खुर्ची नाही. तो नाही!

सासूबाई ओट्यावर बसलेल्या. ‘गेला,’ म्हणाल्या.

‘कुठं? एकटे? खुर्ची कुणी ठेवली गाडीत?’

‘त्यानंच. चाकं काढून वढून घेतो आत, श्येजारच्या सीटवर. रोज करीत हुता.’

‘अहो पण कुठं गेले?’

‘इचारलं न्हाई.’ आणि मग माझ्याकडे बघून, ‘लई दिसानं पोरगा न सांगता भाईर गेलाय. मी कशाला इचारू?’

फोन लावला, उचलला नाही. कपाट उघडलं. लघवीच्या पिशव्या घेतल्यात, गोळ्या घेतल्यात, स्वेटरही. म्हणजे ठरवून गेलाय. पुन्हा फोन. पुन्हा. शेवटी त्याचाच आला — ‘चालवत हुतो. चालवताना फोन घ्यायचा नसतो.’ मागे वाऱ्याचा आवाज. अकोल्याच्या पुढे, भंडारदऱ्याच्या घाटात. म्हणाला रात्रीपर्यंत येतो.

२५ जानेवारी, रविवार

आला नाही. सकाळी नऊला फोन — राजूरजवळ राहिलो, चांगली माणसं भेटली, आजबी इथंच हाय. उद्या येईन, नायतर परवा. कुणाकडे, विचारलं. ‘आल्यावर सांगतो,’ म्हणाला आणि ठेवला.

राग आला मला. सरळ, साधा राग — नवरा न सांगता बाहेर राहिला की बायकोला येतो, तसला!